दस्त मोठा की फेरफार?

तालुक्याच्या गावी जमिनीची दोन दप्तरं असतात. एक दुय्यम निबंधकाचं. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत तिथे नोंदतात. दुसरं महसुलाचं, म्हणजे तलाठ्याचं. तिथे फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावर नाव चढतं. पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही दप्तरं एकाच आवारात असतात. मधे झेरॉक्सचं दुकान, चहाची टपरी आणि दस्तलेखकांची टेबलं. एका दारातून दुसऱ्या दारात जायला माणसाला दोन मिनिटं लागतात. कागदाला कधी कधी वीस वर्षं लागतात.

या दोन दारांतल्या अंतराबद्दल दोन्ही खात्यांतल्या जुन्या माणसांना बोलतं केलं की भांडण ठरलेलं. मी ते तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या तालुक्यांत ऐकलं आहे. इथे ते दोघांच्या तोंडी घातलं आहे. नाना दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालेले. तात्या तलाठी म्हणून लागले, पुढे सर्कल झाले, आणि अजूनही गावात त्यांना लोक 'भाऊसाहेब'च म्हणतात. निमित्त असं, की नानांच्या मेहुण्यांना शेत घ्यायचं आहे. त्यांनी मोबाइलवर सातबारा काढला आणि व्यवहार 'क्लिअर' असल्याचं जाहीर करून टाकलं.

नाना : क्लिअर म्हणजे काय हो? सातबारा म्हणजे मालकीचा दाखला आहे का? सारा कोणी भरायचा, हे सरकारला कळावं म्हणून ठेवलेला कागद तो. मालकी दस्तानं येते. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणी सक्तीची. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 17. नोंदवला नाही तर त्या कागदानं मालकी सरकत नाही, कलम 49.

तात्या : झालं का कलमांचं? मग आमचंही ऐका. महसूल अधिनियम 1966, कलम 157. अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित झालेला फेरफार, उलट शाबीत होईपर्यंत खरा मानायचा. तुमच्या दस्ताला असं कोणी म्हटलंय? तुमच्याकडे माणूस येतो, 'हे शेत माझं' म्हणतो, तुम्ही शिक्का मारता. उद्या मी शनिवारवाड्याचं खरेदीखत घेऊन आलो तर?

नाना : तुम्ही मुद्रांक शुल्क भरलंत, ओळख देणारे आणलेत, सही कबूल केलीत, तर मालकी तपासत बसणं हे मुळात माझं काम नाही. शनिवारवाडा सरकारी आहे म्हणून अडवीन. तुमच्या शेजाऱ्याचं शेत मात्र... (हसतात.) अहो, निबंधक फक्त साक्षीदार असतो. अमुक दिवशी, अमुक वाजता, हाच माणूस माझ्यासमोर आला आणि म्हणाला की हा कागद मी लिहून दिला. एवढंच मी सांगतो. त्याच्याकडे देण्यासारखं काही होतं की नव्हतं, हे मी सांगत नाही.

तात्या : आणि लोक समजतात, रजिस्टर झालं म्हणजे सरकारनं मालक केलं.

हे वाक्य तात्या टोमणा म्हणून बोलले. पण सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे. निबंधक म्हणतो, मालकी ठरवणं माझं काम नाही. तलाठी म्हणतो, मी दस्त पाहून नोंद धरली. बँक म्हणते, आम्ही सातबारा पाहून कर्ज दिलं. प्रत्येकजण शेजारच्या दाराकडे बोट दाखवतो. ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्यालाच काय ते ठरवावं लागतं, आणि बहुधा त्यालाच ते वाचता येत नसतं.

तात्या : बरं, आता असं समजा. एकानं 1987 साली दोन एकर वीस गुंठे विकले. खरेदीखत रजिस्टर झालं. घेणाऱ्यानं ते ट्रंकेत ठेवलं आणि चावडीकडे फिरकलाच नाही.

नाना : फिरकायची गरजच नव्हती. आमच्याकडून तुम्हाला कळवलं जायचं. कलम 154, तुमच्याच कायद्यातलं.

तात्या : जायचं! गठ्ठा यायचा, सहा-सहा महिन्यांचा. त्यात गट नंबरच्या जागी सर्व्हे नंबर, गावाच्या नावात घोळ. एखादं वरदीपत्र गठ्ठ्यातच राहायचं. तर, नोंद झाली नाही. विकणारा मेला. पोरांनी वारसनोंद केली, सहा-क मध्ये. सातबाऱ्यावर पोरांची नावं आली, आणि त्यांनी तेच शेत तिसऱ्याला विकलं. तिसऱ्यानं काय पाहिलं? स्वच्छ सातबारा. आता बोला.

नाना : पहिला जिंकतो. बाप विकून मोकळा झालेला, पोरांच्या हाती काही उरलंच नव्हतं. आणि तिसऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. नोंदलेला दस्त जगाला माहीत आहे असंच कायदा धरून चालतो. आमच्या पहिल्या पुस्तकाची सूची कोणीही फी भरून पाहू शकतो, कलम 57. वकील नको, नातं नको, कारण सांगायला नको. त्यानं सूची क्रमांक 2 उघडली असती तर 1987 ची ओळ तिथेच होती.

तात्या : उघडली होती. त्या ओळीत सर्व्हे नंबर होता. गावात एकत्रीकरण होऊन गट पडलेले. वकिलाच्या कारकुनानं गट नंबर शोधला, सापडला नाही, 'निरंक' लिहून दिलं.

नाना : मग तो कारकुनाचा दोष. भूमी अभिलेखातून एकत्रीकरणाचा उतारा काढायचा, कुठला सर्व्हे कुठल्या गटात गेला ते बघायचं, आणि दोन्ही नंबरांनी शोध घ्यायचा.

तात्या : आणि दस्त मुंबईला झाला असेल तर?

इथे नाना जरा थांबले. ही मेख फार लोकांना माहीत नसते. नोंदणी कायद्याच्या कलम 30 मध्ये एक पोटकलम होतं. त्यामुळे मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली अशा शहरांच्या निबंधकांकडे देशातल्या कुठल्याही जमिनीचा दस्त नोंदवता यायचा. 2001 च्या दुरुस्तीनं ते गेलं. तोवर गिरणीत कामाला असलेला भाऊ सुट्टी न काढता मुंबईतच गावच्या जमिनीवर सही करू शकत होता. त्या दस्ताची प्रत गावच्या कार्यालयाकडे पाठवायची, असं कायद्यात होतं. पाठवली की नाही, पोचल्यावर कुठे लावली, हे त्या त्या दप्तराच्या नशिबावर. कोकणातली किंवा साताऱ्याकडची जुनी जमीन घेणाऱ्यानं म्हणूनच मुंबईचीही सूची पाहिलेली बरी. हे दलाल सांगत नाही.

नाना : पण हे सगळं जुनं झालं. 2002 च्या सुमारास 'सरिता' आली, 2012 ला 'आय-सरिता'. आता आमच्याकडे दस्त झाला की ई-फेरफारमधून तुमच्याकडे नोंद आपोआप पडते. गठ्ठा नाही, वरदी नाही. माझं तर म्हणणं आहे, तिथेच सातबारा बदलायला हवा. दस्त झाला, अंगठा झाला, फोटो निघाला, मग आणखी पंधरा दिवस कशाला?

तात्या : नोटीस कशाला, असंच ना?

नाना : नमुना नऊची नोटीस काढायची, चावडीवर चिकटवायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, मग सर्कलनं प्रमाणित करायची. आणि त्या पंधरा दिवसांत काय काय चालतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणतो.

तात्या : जाणतो. नाकारत नाही. नोंद अडवून धरणारे होते, आहेत. पण ते पंधरा दिवस काढलेत तर गावाला कळायची शेवटची जागा जाते. तुमच्या खोलीत कोण असतं? घेणारा, देणारा, त्यांनीच आणलेले साक्षीदार. ज्याच्या पोटावर पाय येणार तो तिथे नसतोच. तो नोटीस वाचतो किंवा कोणीतरी त्याच्या कानावर घालतं, मग तो हरकत घेतो, प्रकरण सहा-अ मध्ये, म्हणजे तंट्यांच्या वहीत जातं, सुनावणी होते. वाईट असेल, वेळखाऊ असेल, पण 'मला कोणी विचारलंच नाही' असं म्हणायला वाव राहत नाही.

मला विचाराल तर कायद्याच्या बाजूनं नाना बरोबर आहेत, आणि तरी मी ते पंधरा दिवस काढणार नाही. फक्त ती नोटीस चावडीच्या दारावर न चिकटवता माणसाच्या हातात पोचवीन. चावडीचं दार आता वाचतं कोण?

तात्यांनी एक जुना हस्तलिखित सातबारा समोर ठेवला. असा उतारा वाचणं हे एक कसब आहे. कब्जेदाराच्या रकान्यात नावं एकाखाली एक. काही नावांभोवती कंस. 'नावाला कंस केला' म्हणजे ते नाव गेलं. प्रत्येक नावाशेजारी गोलात फेरफाराचा नंबर. नाव का आलं किंवा का गेलं ते त्या नंबराच्या फेरफारात. पहिल्या नावापुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर.

तात्या : या तीन अक्षरांनी तालुक्यातली निम्मी कोर्टकचेरी चालवली. थोरल्या भावाचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. याचा अर्थ जमीन सगळ्या भावांची, हा फक्त पुढारी. पुढं कधीतरी उतारा नव्यानं लिहिताना ती अक्षरं गळाली. थोरल्याची पोरं म्हणतात, आमच्या बापाची जमीन. धाकट्याची पोरं कागद शोधत फिरतात.

नाना : म्हणजे चूक तुमच्याच दप्तरात.

तात्या : आमच्याच. म्हणून म्हणतो, नुसता चालू सातबारा बघून घेऊ नका. मागचे सगळे फेरफार काढा, गोलातला एकेक नंबर. कुठल्या नंबरानं अक्षरं गळाली ते बघा. कुठलाच नंबर नसेल आणि अक्षरं नसतील, तर तिथे पाणी मुरतंय. आणि 'इतर हक्क' वाचा. तिथे बोजा असतो, कुळ असतं, 'कलम 43 ला पात्र' असतं. लोक नाव आणि क्षेत्र बघतात, आणि खालचं सोडून देतात.

नाना : हे मात्र खरं. कुळकायद्याच्या 43 चा शेरा असताना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना झालेल्या खरेद्या मी पाहिल्या आहेत. कुळकायद्यात मिळालेली जमीन, विकत घेणाऱ्यानं विहीर खोदली, द्राक्षं लावली. पुढे सगळं अंगाशी आलं.

मग विषय अमेरिकेवर गेला. नानांचा भाचा ओहायो राज्यात राहतो, आणि नानांना तिथली पद्धत कळल्यापासून ते ती सगळ्यांना सांगतात.

नाना : तिथे काउंटी म्हणजे आपला तालुका म्हणा, जिल्हा म्हणा. तिथेही दोन दारं. एक रेकॉर्डर, म्हणजे मी. दुसरा ऑडिटर, कराच्या यादीत कोणाचं नाव ते बघणारा, म्हणजे तुम्ही. पण क्रम उलटा. खरेदीखत आधी ऑडिटरकडे न्यायचं. जमिनीचं वर्णन जुळतं का ते तपासलं जातं, कराच्या यादीत नाव बदलतं, त्याचा शिक्का बसतो. तो शिक्का असल्याशिवाय रेकॉर्डर दस्त घेतच नाही.

तात्या : म्हणजे आधी तलाठी, मग निबंधक! आमच्या खात्याला इथे अक्कल नाही असं म्हणत होतात ना?

नाना : पुढचं ऐका. एवढं करूनही तिथलं सरकार मालकीची हमी देत नाहीच. म्हणून तिथे लोक मालकीचा विमा काढतात. फिलाडेल्फियात 1876 ला पहिली तशी कंपनी निघाली. मागचे दस्त कोणीतरी तपासतो, आणि तरी चुकलं तर कंपनी भरून देते. हमी देणारी पद्धत वेगळी. ती 1858 ला दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या माणसानं आणली. तिथे नोंदवहीत नाव आलं की तोच मालक, सरकार जबाबदार.

तात्या : मग आपल्याकडे निदान ओहायोसारखं करायला काय जातं? विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असल्याशिवाय दस्तच घ्यायचा नाही.

नाना : बिहारनं तेच केलं होतं. 2019 चा नियम : विकणाऱ्याच्या नावावर जमाबंदी, म्हणजे तिथली महसुली नोंद, असल्याचा पुरावा द्या, तरच नोंदणी. सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये तो रद्द केला. तिथे लाखो लोकांची नावं आज्या-पणज्याच्या पुढे सरकलेलीच नाहीत. नोंद नाही म्हणून विकता येत नाही, आणि नोंद करायला गेलं तर वर्षानुवर्षं होत नाही. असा नियम म्हणजे माणसाचा विकण्याचा हक्कच तुमच्या खात्याच्या मर्जीवर टांगणं.

तात्या काही बोलले नाहीत. चहा आला होता.

पण त्यांचा खरा वाद याच्यावर नाहीच. तो बहिणींवर आहे. मी हा विषय काढला आणि दोघांचेही आवाज बदलले.

नाना : तुमच्या काळात काय व्हायचं ते मीच सांगतो. बाप गेला की वारसनोंद. बहिणींची नावं आधी लावायची, किंवा तेवढंही नाही. मग एक जबाब : 'आम्हास आमच्या लग्नात सर्व पोचले, आमचा हक्क नाही.' खाली अंगठे. ना मुद्रांक, ना नोंदणी. आणि त्यावर बहिणीचं नाव कंसात.

तात्या : व्हायचं. मीही केलंय. त्यावेळी सगळे तसंच करायचे.

नाना : आणि कायद्यानं तो जबाब कवडीमोल. हक्क सोडायचा तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. महाराष्ट्रानं 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, 2005 ला देशभर झालं, 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 ला बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क आहे. आणि 20 डिसेंबर 2004 च्या आधीची वाटणी टिकायची कोणाची? ज्यांचं वाटणीपत्र नोंदवलेलं, किंवा कोर्टाचा हुकूमनामा. तोंडी वाटणी आणि तुमच्याकडची नुसती नोंद, तिला सहज कोणी विचारत नाही. आता कळलं दस्ताला मी एवढं का मानतो? ज्या घरांनी तेव्हा दोन पैसे खर्चून कागद केला ती घरं शांत आहेत.

तात्या : शांत कोण? भाऊ शांत आहेत. माझ्या कच्च्या जबाबानं बहिणीचं नुकसान झालं, कबूल. पण तो कच्चा होता म्हणूनच तिला तीस वर्षांनी दाद मागता आली. तुमचं हक्कसोडपत्र पक्कं. त्यावर तिचा फोटो, तिचा अंगठा, तिनं तुमच्यासमोर 'कबूल' म्हटलेलं. ती आता कुठे जाईल? तुम्ही तिच्या गळ्याला पक्की गाठ मारलीत आणि म्हणता, मी फक्त साक्षीदार.

नाना : मी विचारतो. प्रत्येकीला विचारायचो. वाचलं का? समजलं का? स्वखुशीनं का?

तात्या : कोणाच्या समोर?

नाना : कोणाच्या म्हणजे? पक्षकार सगळे समोर असतात.

तात्या : तेच म्हणतोय. भाऊ शेजारी बसलेला. त्याच्याच गाडीतून ती आलेली, त्याच्याच घरी संध्याकाळी जेवायचं, राखीला त्याच्याच दारात यायचं. तुम्ही विचारता, 'स्वखुशीनं का?' ती काय म्हणेल?

दस्तनोंदणीची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र डोळ्यासमोर येईल. वेबकॅमसमोर एकेकाला बसवतात. ऑपरेटर 'इकडे बघा' म्हणतो. पदर सावरला जातो. अंगठा काचेवर ठेवायचा, उमटला नाही तर पुसून पुन्हा. शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा लवकर उमटत नाहीत. एका दस्तात चार बहिणी असल्या तर चौघींचं उरकायला वीस मिनिटं पुरतात. त्या वीस मिनिटांत जी जमीन सरकते तिची किंमत कित्येक लाखांत असते, आणि त्या बायकांनी बहुतेक वेळा त्या दस्ताची प्रतही मागितलेली नसते. हवी असेल तर नंतरही कोणालाही मिळते, फी भरून. पण मागायची असते हे त्यांना कोण सांगणार?

तात्या : बहिणीला भावाशिवाय वेगळं विचारायचं. भाऊ बाहेर, दार लोटलेलं. एवढंच.

नाना : कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही.

तात्या : करू नका असंही लिहिलेलं नाही. लिहून देणारा तोच आहे का आणि त्यानं कबूल केलं का, याची खातरजमा करा, एवढं तर कलम 34 सांगतं ना? कशी करायची ते तुमच्यावर.

नाना : (जरा वेळानं) केलंय मी तसं. नेहमी नाही. एखादी फार गप्प वाटली तर. भावाला म्हणायचो, तेवढी चलनाची झेरॉक्स आणा. एक बाई होती, एवढ्या वेळात म्हणाली, 'साहेब, सही नाही केली तर चालतं का?' म्हटलं, चालतं. ती उठली, पिशवी घेतली, एसटी स्टँडकडे गेली.

तात्या : मग?

नाना : भावानं जिल्हा निबंधकाकडे अर्ज केला. दुय्यम निबंधकानं पक्षकारास फितवून दस्त होऊ दिला नाही.

तात्या : आणि तुम्ही काय केलंत?

नाना : काय करणार! खुलासा लिहिला. 'लिहून देणार यांनी निष्पादन कबूल केले नाही, सबब नोंदणी करता आली नाही.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.